लिहिणं आणि पोचवणं

डिजिटल मीडियात एम.ए. करायला मी छत्रपती संभाजीनगरात आले तेव्हा माझ्या काही कथा दिवाळी अंकांत छापून आल्या होत्या. घरी आणि ओळखीत सगळ्यांना एकच काळजी होती: आता लिहिणं सुटणार का? सध्या तिसरं सत्र चालू आहे आणि लिहिणं सुटलेलं नाही. त्याच्या वेळा बदलल्या, जागा बदलल्या, आणि मी ज्याला लिहिणं म्हणत होते त्याचा पैसही बदलला. या काळात जे कळत गेलं ते इथे सांगते आहे. ज्याची सत्रं वेगळी, ज्याच्या कथा वेगळ्या, त्याला यातलं काही निराळंच दिसेल.

१. मोकळा वेळ आणि लिहिण्याचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या अभ्यासात मोकळा वेळ पुष्कळ सापडतो, पण तुकड्यातुकड्यांनी. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की संगणक आपला राहत नाही. स्टुडिओत आपला नंबर लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं. या तुकड्यांत कथा लिहून होत नाही, कारण कथेच्या आत शिरायलाच वेळ लागतो. पण एखादी कविता वाचून होते, काल लिहिलेलं पान पुन्हा डोळ्यांखालून घालता येतं, अडलेल्या पात्राचं नाव ठरतं. प्रत्यक्ष लिहिणं मी पहाटेवर नेलं. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये बरेच दिवस जातात. त्यामुळे पाण्याचा दिवस हा घरातला सगळ्यात महत्त्वाचा वार. ती पहाट मोटर, टाकी, ड्रम आणि घरमालकीण काकूंच्या हाका यांत जाते. उरलेल्या पहाटा माझ्या. हे वेळापत्रक मी ठरवलेलं नाही, शहराने ठरवलंय. पण पाण्याच्या दिवसानंतरची पहाट बहुतेक वेळा चांगली जाते. एक दिवस अडवून धरलेली वाक्यं तयार असतात.

२. माणसं आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, त्यांच्या मनात चाललेल्या प्रश्नाचं देतात. हे मला मुलाखती कागदावर उतरवताना कळलं. पहिल्या सत्रातल्या माहितीपटासाठी आमच्या गटाने हिमरू हा विषय घेतला. सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं हे कापड एकेकाळी या शहराची ओळख होतं. आता ते हातमागावर विणणारे मोजकेच उरलेत. ज्या चाचांकडे आम्ही गेलो त्यांना मी विचारलं, "चाचा, दिनभर में कितना बुनाई होता?" ते म्हणाले, "बेटा, पिछले साल आँख का ऑपरेशन हुआ ना." मग त्यांनी धोटा एकदा इकडून तिकडे सारला, फणी ठोकली आणि म्हणाले, "अब उजाला देख के बैठता." ती मुलाखत शब्दन् शब्द उतरवताना लक्षात आलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलेलं होतं, आकडा न सांगता. लिहिलेल्या संवादांत पात्रं बहुधा फार शहाण्यासारखी बोलतात: प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. खरं बोलणं बाजूने येतं. आता संवाद लिहून झाला की मी प्रश्न झाकून नुसती उत्तरं वाचते. नुसत्या उत्तरांतून माणूस दिसला तर संवाद ठेवते.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट मिळाली. शूटिंग संपल्यावर ध्वनीचं काम बघणाऱ्या मैत्रिणीने सगळ्यांना जिथल्या तिथे गप्प उभं केलं आणि तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड केली. याला रूम टोन म्हणतात. संकलनात बोलणं कापलं की मध्ये पोकळी राहते. तिथे अगदी काहीच आवाज नसेल तर कानाला खटकतं, म्हणून त्याच जागेची शांतता तिथे भरायची असते. दुसऱ्या खोलीची चालत नाही. हेडफोन लावून ती तीस सेकंदं ऐकली: पंख्याची घरघर, गल्लीच्या तोंडाशी वळलेली रिक्षा, मागाच्या लाकडाची बारीक कुरकुर आणि चाचांचा श्वास. तेव्हापासून कथेत दोन माणसं गप्प झाली की "शांतता पसरली" असं माझ्याच्याने लिहवत नाही. त्या घराची शांतता कशाची बनली आहे, ते आधी शोधावं लागतं.

३. गोष्ट काळाच्याच क्रमाने सांगायला हवी असं नाही, ती जागेच्या क्रमानेही सांगता येते. नॉन-लिनिअर कथन हा आमच्या अभ्यासक्रमाचा भाग. उदाहरणं बहुतेक परदेशी: व्हिडिओ गेम, इंटरॅक्टिव्ह माहितीपट, प्रेक्षकाने आपली वाट आपण निवडायची असे चित्रपट. आणि आमच्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर पाचव्या शतकातलं उदाहरण भिंतीवर रंगवलेलं आहे. अजिंठ्याच्या सतरा क्रमांकाच्या लेण्यात सिंहल अवदानाची कथा आहे. समुद्रावर गेलेला व्यापारी सिंहल गलबत फुटून राक्षसिणींच्या बेटावर अडकतो, पांढऱ्या घोड्याच्या रूपातल्या बोधिसत्त्वाच्या पाठीवर बसून सुटतो, एक राक्षसीण रूप पालटून त्याच्या मागोमाग नगरात येते आणि राजालाच भुरळ घालते. पुढे राजवाड्यात हाहाकार होतो, सिंहल राजा होतो आणि सैन्य घेऊन त्या बेटावर चालून जातो. पुस्तकाच्या सवयीने डावीकडून उजवीकडे बघू लागलं की काही लागत नाही. शेवट मध्येच दिसतो, तोच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. कलेतिहासकार विद्या दहेजिया यांनी अजिंठ्याच्या चित्रकथनाची ही रीत उलगडून दाखवली आहे: घटना कधी घडली यापेक्षा कुठे घडली याला तिथे महत्त्व. बेटावरचं बेटावर, राजवाड्यातलं राजवाड्यात, मग ते आधीचं असो की नंतरचं.

वर्गात हे वाचलं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर ते अंगात भिनलं. लेण्यात उजेड कमी, फ्लॅश वापरायला मनाई. डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. मग घोडा दिसतो, मग हत्ती, मग नावा. बघणाऱ्याला चालावं लागतं, मागे यावं लागतं, मान वर करावी लागते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने बघणाऱ्यावर केवढा विश्वास टाकला होता! त्या सुमारास माझी एक कथा अडून पडली होती. गावाकडच्या घराच्या वाटण्या होतात, तीन पिढ्या, आणि साल आलं की वाक्य कोरडं पडायचं. परतीच्या एसटीत मी वहीत घराचा आराखडा काढला. ओसरी, माजघर, परसदार. ओसरीवर जे जे घडलं ते एकत्र: आजोबांची पंचायत, काकांचं लग्न ठरणं, मोजणीला आलेले भूकरमापक. माजघरात आजीचं बाळंतपण आणि आजीचंच शेवटचं दुखणं. कथा सुटली. पुढे तोच आराखडा मी इंटरॅक्टिव्ह असाइनमेंटला वापरला. मोबाइलवर खोलीला बोट लावलं की त्या खोलीतलं उघडतं. अभ्यास आणि लेखन यांचा समतोल समतोल म्हणतात तो मला इतका नीट एकदाच साधला. पण एकदा साधल्यामुळे तो शक्य आहे एवढं तरी माहीत झालं.

४. "हे तुम्हाला कसं कळलं?" हा प्रश्न कथेलाही विचारता येतो. नव्या रचनेत पदव्युत्तरची दोन वर्षं ८८ क्रेडिटची. त्यात संशोधन पद्धती आहे, दुसऱ्या सत्रात ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, तिसऱ्या-चौथ्या सत्रात आरपी म्हणजे संशोधन प्रकल्प. प्रबंधाची भाषा कथेत घुसेल अशी भीती लिहिणाऱ्या सगळ्यांनाच वाटते. "प्रस्तुत अभ्यासात असे दिसून येते की" हे वाक्य एकदा बोटांत बसलं की संपलं, असं. तसं काही होत नाही. ती भाषा तिच्या जागी राहते. येतो तो मार्गदर्शक मॅडमचा प्रश्न. समासात लाल पेनाने त्या एवढंच लिहितात: कसं कळलं? माझ्या कथेत एक वाक्य होतं, "गावात सगळ्यांना ते माहीत होतं." कसं कळलं? मग त्या वाक्याच्या जागी पिठाची गिरणी आली, दळण घेऊन रांगेत थांबलेल्या बाया आल्या, आणि नायिका आली की त्यांचं बोलणं थांबणं आलं. कागद दोन ओळींनी वाढला आणि गाव दिसायला लागलं.

५. १९७० चा कागद वाचता येतो, पण २००० सालची फाइल वाचता येत नाही. माझ्या आरपीचा विषय मराठवाड्यातली जुनी वाङ्मयीन नियतकालिकं आणि त्यांचं डिजिटल जतन हा आहे. जुना अंक पिवळा पडलेला असतो, कडा तुटतात, पण हातात घेतला की वाचता येतो. डीटीपीच्या काळातल्या अंकांची गत वेगळी. तेव्हाच्या प्रत्येक मराठी फॉन्टची आतली व्यवस्था निराळी होती. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर कवितेच्या जागी निरर्थक रोमन खुणांची रांग दिसते. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर चालणारा एकच क्रमांक दिला तेव्हा हा प्रश्न सुटण्याची वाट झाली. तरी 'ॲ' या आपल्या रोजच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडावं लागलं.

जुनी पानं स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घेतली तरी हाताचं काम सुटत नाही. यंत्राला 'ख' आणि 'रव' सारखे दिसतात, 'घ' आणि 'ध' सारखे, 'भ' आणि 'म' सारखे. म्हणून मी ओळ न् ओळ तपासते. हे काम मला कथालेखनाचं इतकं शिकवेल असं वाटलं नव्हतं. वाचताना आपण वाक्यावरून घसरत पुढे जातो. तपासताना अर्धविरामाशीही थांबावं लागतं. कुणाची वाक्यं शेवटच्या शब्दाला जड होतात, कोण क्रियापद गाळून पुढे जातो, कोणता लेखक परिच्छेद तोडायला घाबरतो, हे अक्षराअक्षराने चालल्यावर कळतं. ज्यांना लिहायचं आहे त्या मित्रमैत्रिणींना मी आवर्जून म्हणते, आपल्या आवडत्या लेखकाची एक कथा स्वतः टाइप करून बघा.

६. लिहिलेलं पोचवणं हा लिहिण्याचाच भाग आहे, आणि हे या शहरात आधीच करून दाखवलं गेलंय. मला सगळ्यात जास्त नमवलं ते या गोष्टीने, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आमच्याकडे अजूनही असं मानतात की खरा लेखक लिहून मोकळा होतो. बाकीचं, म्हणजे मांडणी, प्रसार, तंत्र, हे दुय्यम, थोडंसं हलकंच. डिजिटल मीडिया शिकते म्हटलं की साहित्यातली मोठी माणसंही "म्हणजे रील वगैरे?" असं विचारतात. मला तेव्हा गंगाधर पानतावणे यांची आठवण काढावीशी वाटते. मी त्यांना पाहिलेलं नाही. २०१८ मध्ये, पद्मश्री जाहीर झाली त्याच वर्षी, ते गेले. ते आधी नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयात आणि पुढे विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकवत होते. समीक्षक होते, लेखक होते. आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढे अनेक दशकं ते 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक याच शहरातून चालवत होते. कितीतरी दलित लेखकांचं, कवींचं लेखन पहिल्यांदा छापून आलं ते तिथे. ज्यांना मुंबई-पुण्याच्या मासिकांची दारं उघडत नव्हती, त्यांच्यासाठी दार तयार करणं हेच ते काम होतं.

त्या काळी नियतकालिक काढणं म्हणजे काय काय करणं, ते आरपीच्या निमित्ताने समजून घेते आहे. खेड्यापाड्यातून पोस्टाने येणारी हस्तलिखितं वाचायची, लिहिणाऱ्याला पत्राने उत्तर द्यायचं, काय गाळावं काय वाढवावं ते सांगायचं. छापखान्यात खिळे जुळले की प्रुफं तपासायची. कागदाचे पैसे, वर्गणीदारांचे हिशेब, अंकांवर पत्ते, तिकिटं, टपाल कचेरी. आणि हे सगळं तास घेऊन, पेपर तपासून. एवढ्यावर न थांबता अस्मितादर्शचे साहित्य मेळावे भरवले, लिहिणारी माणसं एकमेकांना भेटली. मिलिंद महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये मराठवाड्यात आणलं, ज्यांच्या घरात अक्षर पहिल्यांदाच येत होतं त्यांच्यासाठी. तिथे शिकवणाऱ्या माणसाला शिकवणं, लिहिणं आणि छापणं यांत फरक करावासा वाटला नसेल, असं मला त्या आवारातून जाताना वाटतं.

हे समजल्यावर माझ्या दिवसातली एक भिंत पडली. मजकुराची मांडणी, ऑडिओसाठी केलेलं ध्वनिमुद्रण, मोबाइलच्या पडद्यावर ओळ कुठे तुटते ते बघणं, उपशीर्षकं वाचायला प्रेक्षकाला किती सेकंद लागतील याचा हिशेब, हे सगळं आता मला लेखनाच्या वेळेतून चोरलेलं वाटत नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा सिल्लोडकडचा आहे. त्याच्या आईला वाचता येत नाही. माझी कथा तिच्यापर्यंत पोचली ती मी माइकसमोर बसून वाचली म्हणून. वाचताना कळलं की दोन वाक्यांत श्वास घ्यायला जागाच नव्हती. ती वाक्यं मग छापील प्रतीतही बदलली. त्या माउलीने निरोप पाठवला: "शेवटी त्या पोरीनं घर काहून सोडलं?" माझ्या कथेला मिळालेल्या प्रतिक्रियांत ही मला सगळ्यात मोलाची आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

७. प्रेक्षक कुठे सोडून गेले ते आकडा सांगतो, आणि ते ऐकण्यासारखं असतं. रिटेन्शनचा, म्हणजे प्रेक्षक किती वेळ टिकले याचा, आलेख पहिल्या काही सेकंदांतच कोसळताना बघितला की सुरुवातीचं पाल्हाळ कुठे आहे ते कळतं. त्याच्याशी भांडण नाही. फक्त कथेचा कच्चा खर्डा उघडा असताना मी कुठलेच आकडे बघत नाही. तो खर्डा तेव्हा फार कोवळा असतो.

८. अभ्यास आणि लिहिणं, ही दोन्ही कामं प्रत्येक हंगामात पिकत नाहीत. कवी ना. धों. महानोर आमच्याच जिल्ह्यातले, सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचे. जळगावला कॉलेजात गेले आणि शिक्षण सोडून शेतीकडे परतले. १९६७ मध्ये त्यांच्या 'रानातल्या कविता' आल्या. शेती आणि कविता त्यांनी आयुष्यभर सोबत नेल्या, आणि शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही की पेरणीच्या दिवसांत दुसरं काही होत नसतं. दुसऱ्या सत्रात माझी ओजेटी होती. सकाळी बातम्यांच्या डिजिटल डेस्कवर, संध्याकाळी लेक्चर. दिवसभर मथळे लिहून, बदलून, पुन्हा लिहून शब्दांची भूकच मरायची. त्या महिन्यांत मी कथा बाजूला ठेवली, ठरवून ठेवली, आणि रोज फक्त एक गोष्ट वहीत टिपली: कानावर पडलेलं एखादं वाक्य, रिक्षाच्या मागचं नाव, क्रांती चौकात कुणीतरी फोनवर दिलेली शिवी. ती वही उन्हाळ्यात उघडली. जमीन पडीक ठेवली होती, मेली नव्हती. न लिहिण्याची लाज वाटून घेण्यात जे दिवस जातात ते मात्र खरंच वाया जातात. आईने फोनवर "लिहितेस का गं?" विचारलं की "सध्या नाही" एवढंच शांतपणे सांगता येणं, हेही शिकावं लागतं.

९. मुदती एकमेकींवर आदळणारच, तेव्हा कोणती आधी हे दर वेळी नव्याने ठरवायचं. आपल्याकडे १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीच्या आधी तीन महिने सुरू होतं. आमचं सत्रही नेमकं तेव्हाच तापतं. यंदा संपादकांचा निरोप आलाय: गणपतीच्या आत कथा द्या, अडीच हजार शब्द. आरपीचा पहिला टप्पाही त्याच आठवड्यात सादर करायचा आहे. मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी मुदत वाढवून दिली नाही, पण अर्धं प्रकरण आधी दाखवायला सांगितलं, ते मी रात्री करते आहे. पहाटा कथेला दिल्या आहेत, कारण अंकाला थांबता येत नाही. माझं पान गेलं की चित्रकार बसणार, मग मांडणीकार, मग प्रूफ तपासणाऱ्या बाई, मग छापखाना, मग पार्सलं. या साखळीतल्या प्रत्येकाचं काम आता मला माहीत आहे. म्हणून या वर्षी कथा युनिकोडमध्येच पाठवते आहे, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून, आणि चित्रकारासाठी सोबत त्या घराचा आराखडा जोडला आहे: ओसरी, माजघर, परसदार, विहिरीकडचं दार कुठल्या बाजूला उघडतं त्या बाणासकट.